आधी वाचन, की आधी बातमीची पारख?

वाचकाचे पत्र

एका खेड्यातील शाळेत मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना भाषा शिकवते. शाळेत पुस्तकांचे एक कपाट आहे, पण ते कुलूपबंद असते; पुस्तक फाटले किंवा हरवले तर वार्षिक तपासणीत उत्तर कोण देणार, हा प्रश्न दर वर्षी पुढे येतो. निम्मी मुले अजून अडखळत वाचतात, मात्र घरातल्या एकुलत्या एका फोनवर आलेले व्हिडिओ त्यांना तोंडपाठ असतात. गेल्या महिन्यात मी खोट्या बातम्यांवर तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, मग पेपरातलेही खोटे, टीव्हीवरचेही खोटे आणि पुस्तकातलेही खोटेच असणार." एका मुलीने घरी काकांना "तुमचा मेसेज खोटा आहे" असे चारचौघांत सांगितले आणि तिला बोलणी खावी लागली. पालक म्हणतात, अवांतर वाचनाने अभ्यास बुडतो. मी आधी वाचनाकडे लक्ष द्यावे की माध्यम साक्षरतेकडे, म्हणजे बातम्या-व्हिडिओ पारखायला शिकवण्याकडे? आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?

— एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सातवीतल्या मुलाचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या मुलाने तुमचे बोलणे नीट ऐकले होते, त्यावर विचारही केला होता आणि जेवढे त्याच्या हाती आले तेवढ्यावरून त्याने सरळ निष्कर्ष काढला. असे केवळ तुमच्याच वर्गात घडलेले नाही. "खोट्या बातम्यांपासून सावध राहा" असा सरसकट इशारा दिला की लोकांचा खोट्या बातम्यांवरचा विश्वास थोडा कमी होतो, पण त्याबरोबर खऱ्या बातम्यांवरचाही कमी होतो, असे संशोधकांना आढळले आहे. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघेही तपासण्याचे कष्ट घेत नाहीत. म्हणून तो तास त्याच स्वरूपात पुन्हा घेऊ नका, अशी माझी पहिली विनंती आहे. पुढचा तास खोट्या बातमीपासून सुरू न करता खऱ्या बातमीपासून सुरू करा.

वर्तमानपत्रातली एखादी साधी, भांडण नसलेली बातमी घ्या, उदाहरणार्थ पावसाने वाहून गेलेल्या पुलाची. मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि बातमीदाराला हे कसे कळले असेल, ते दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायला सांगा. बातमी कोणत्या गावाहून आली, कोणत्या तारखेची आहे, कोणी डोळ्यांनी पाहिले, कोणत्या अधिकाऱ्याने सांगितले, आकडा कोणी दिला, हे सगळे रेघांखाली येते. मग त्याच विषयावर फोनवर फिरलेला एखादा निरोप कागदावर उतरवून द्या आणि पुन्हा रेघा मारायला सांगा. तिथे ना तारीख असते, ना गाव, ना नाव. असते ती "सर्वांना पाठवा" ही विनवणी. मग मुलेच बोलू लागतात की एका कागदावर रेघाच रेघा आहेत आणि दुसरा कोरा आहे. वर्तमानपत्रात कधी चूकदुरुस्ती छापून आली, तर ते कात्रण आवर्जून जपून ठेवा. चूक झाल्यावर ती कबूल करण्याची जागा ज्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे तशी जागाच नाही, त्या दोघांतला फरक बारा वर्षांच्या मुलाला नीट समजतो.

"पुस्तकातलेही खोटेच असणार" या त्याच्या शंकेचेही उत्तर द्यायला हवे, आणि ते प्लूटोच्या गोष्टीत सापडते. जुन्या पुस्तकांत ग्रह नऊ होते, आता आठ आहेत. जुने पुस्तक खोटे बोलत होते का? नाही. प्लूटोच्या पलीकडे त्याच्यासारखेच आणखी पिंड सापडू लागले, तेव्हा ग्रह म्हणायचे कशाला हा प्रश्न उभा राहिला. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला बटुग्रहांत धरले. पुस्तक बदलले, पण का बदलले हे सर्वांसमोर सांगून बदलले. पुस्तकाचे शेवटचे शब्द वाचण्याआधी त्याचे पहिले पान, म्हणजे लेखकाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती आणि साल, वाचण्याची सवय याच गोष्टीच्या निमित्ताने लावता येईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न: आधी वाचन की आधी माध्यम साक्षरता? माझे मत स्पष्ट आहे. ही दोन कामे नाहीत. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. जे मूल मथळा वाचून दमते, ते बातमीच्या चौथ्या ओळीतला "असे समजते" हा शब्द कधी पाहणारच नाही, आणि अनेकदा सगळी गोम त्या शब्दातच असते. उलट, जे मूल घडाघडा वाचते पण "हे कोण सांगतो आहे" असे कधी विचारत नाही, त्याचे वाचनही अर्धेच राहते. फोन सराईतपणे हाताळता येतो म्हणजे त्यावरचे पारखता येते, असेही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, साधारण सहावी ते आठवीच्या वर्गांतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी "प्रायोजित मजकूर" असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात बातमी समजून घेतली होती. त्या मुलांकडे साधने भरपूर होती. त्यामुळे तुमच्या शाळेत इंटरनेट धड नाही, संगणक नाहीत, याचे फार दडपण घेऊ नका.

खेड्यातल्या मुलांकडे एक मोठे बळ असते, त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले आणि वाचलेले छोट्या मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी बाहुल्या हलवून दाखवायला सांगितले. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण खेळाची चांगली माहिती असणारी मुले, वाचनात पक्की पण खेळाची फारशी माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्या अडखळत वाचणाऱ्या मुलांना जनावरांची, पिकांची, पावसाची, विहिरीच्या पाण्याची, पाखरांच्या हालचालींची माहिती असते. शहरात वाढलेल्या माणसाला ती पुस्तकातूनही चटकन मिळत नाही. तरी आपण त्यांना सुरुवातीचे उतारे बहुधा त्यांनी कधी न पाहिलेल्या गोष्टींवरचे देतो आणि मग "मुलांना समजत नाही" असे म्हणतो. पहिले दोन महिने त्यांच्या ओळखीच्या विषयांवरचाच मजकूर द्या. मजकुरात चूक असेल तर ती हीच मुले पकडतील, आणि छापलेल्या शब्दातली चूक आपल्याला पकडता येते हे एकदा कळले की मूल वेगळ्याच आत्मविश्वासाने वाचू लागते.

एक उदाहरण देतो. "साप दूध पितो" हे वाक्य वर्गात ठेवा. काही मुले ठामपणे सांगतील, "आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे." त्यांना गप्प करू नका, पाहिलेले खरेही असू शकते. नेमके काय पाहिले ते लिहून काढायला सांगा: साप कोणाजवळ होता, त्याला किती दिवस पाणी मिळाले नव्हते, समोर दुधाखेरीज दुसरे काही ठेवले होते का. तहानलेला साप समोरचा द्रव पिऊ शकतो, म्हणून दूध हा त्याचा आहार ठरत नाही; साप पिल्लांना दूध पाजत नाही, दूध पचवण्यासाठी त्याचे शरीर घडलेलेच नाही. अमेरिकेत एका सापाचे नावच मुळी "मिल्क स्नेक" पडले, कारण तो गोठ्यात शिरून गाईचे दूध पितो असा तिथल्या शेतकऱ्यांचा समज होता. प्रत्यक्षात तो गोठ्यात येतो उंदरांसाठी. या एका चर्चेत मुलांना "मी पाहिले" आणि "मी त्याचा अर्थ लावला" या दोन गोष्टी वेगळ्या करता येऊ लागतात. फोनवरचा व्हिडिओ पाहताना नेमके हेच करायचे असते: चित्रात काय दिसते आणि खाली लिहिणाऱ्याने त्यातून काय काढले, हे वेगळे धरायचे.

छायाचित्रांसाठीही फोन लागत नाही. मासिकातले एखादे गर्दीचे चित्र कापून मुलांच्या तीन गटांना द्या. एका गटाने त्याखाली आनंदाची ओळ लिहावी, दुसऱ्याने संकटाची, तिसऱ्याने भांडणाची. तिन्ही ओळी चित्राला शोभून दिसतात, तेव्हा मुले चकित होतात. खरे छायाचित्र, पण जुने किंवा दुसऱ्याच ठिकाणचे, आणि त्याखाली नवी ओळ, हा फसवणुकीचा फार जुना आणि आजही सर्रास चालणारा प्रकार आहे. त्यानंतर एखाद्या दिवशी तुमच्या स्वतःच्या फोनवर चित्राचा उलटा शोध कसा घेतात, म्हणजे चित्र देऊन ते आधी कुठे आणि कधी प्रसिद्ध झाले हे कसे पाहतात, ते एकदा सर्वांना दाखवा. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांत बोटे मोजायला शिकवण्यात मात्र वेळ घालवू नका. ती साधने सुधारत चालली आहेत आणि आजची खूण उद्या निरुपयोगी होते. "हे पहिल्यांदा कोणी दाखवले" हा प्रश्न जुना होत नाही.

तपासण्याची जी रीत मला सर्वांत उपयोगी वाटते, तीही सांगतो. सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळांची पारख करायला दिली. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर वर-खाली करत राहिले, मांडणी आणि बोधचिन्ह पाहून फसले. तपासनीस मात्र पान लगेच सोडून बाहेर गेले आणि त्या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणते, ते त्यांनी पाहिले. खेड्यातली माणसे व्यवहारात हेच करतात. अनोळखी माणूस बैल विकायला आला तर त्याच्याच तोंडून बैलाची स्तुती ऐकत कोणी बसत नाही, शेजारच्या गावात चौकशी करतो. मुलांना ही तुलना सांगा. रोगाबद्दलचा निरोप असेल तर गावात येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना, पिकाबद्दलचा असेल तर कृषी खात्याच्या माणसाला, शब्दाबद्दल शंका असेल तर शब्दकोशाला, असे "बाहेर जाऊन" विचारून येण्याचे काम दर आठवड्याला दोन मुलांकडे द्या. त्यांनी सोमवारी परिपाठात सांगावे: काय विचारले, कोणाला विचारले, काय उत्तर मिळाले. "अजून कळले नाही" हेही उत्तर मानाने स्वीकारा.

एक खबरदारी. चुकीचा निरोप खोडून काढताना तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवू नका. पुन्हा पुन्हा कानावर पडलेले वाक्य केवळ ओळखीचे झाल्यामुळे खरे वाटू लागते, हे १९७७ पासून अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. फळ्यावर खरी माहिती लिहा. चुकीची एकदाच तोंडी सांगा.

आणि हे सारे मुलांना शिकवण्याआधी आपण त्यांच्यासमोर करून दाखवावे लागते. मी शिक्षक असताना शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहीत असे. एका थोर शास्त्रज्ञाच्या नावाने फिरणारे एक वाक्य मी कित्येक वर्षे लिहीत आलो होतो. एके दिवशी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात लिहिले आहे?" मी शोधले, मित्रांना शोधायला लावले, मूळ कुठेच सापडले नाही. दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य लिहिले आणि खाली शास्त्रज्ञाच्या नावाऐवजी "कोणाचे ते सापडले नाही" असे लिहिले. पुढच्या महिनाभरात मुलांनी आणखी चार सुविचारांची नावे माझ्याकडून पुसून घेतली. मला त्याचा अपमान वाटला नाही, पण पहिल्या दिवशी अवघड गेले हे मान्य करतो. तुमच्याही शाळेत सुविचार लिहिला जात असेल, तर त्याखाली केवळ नाव न लिहिता ते वाक्य कुठून घेतले हेही लिहायचे, एवढा एकच नियम उद्यापासून लावून पाहा.

काकांना बोललेल्या मुलीबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण खरे बोलल्याबद्दल बोलणी खाल्लेले मूल पुढच्या वेळी गप्प बसते. तिला वर्गात जवळ घेऊन सांगा की तिचे म्हणणे बरोबर होते. मग सगळ्या वर्गाला सांगा की मोठ्यांशी बोलताना निकाल द्यायचा नाही, विचारायचे. "काका, हे तुम्हाला कोणी पाठवले? त्यांना कुठून कळले असेल? मी बाईंना विचारून सांगू का?" असे एकट्यात, शांतपणे विचारलेले माणसाला झोंबत नाही. वर्गात एकाने काका व्हावे, एकीने पुतणी व्हावे आणि हा संवाद दोन-तीनदा करून पाहावा. ही केवळ सभ्यतेची बाब नाही. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने जमाव जमले आणि निरपराध माणसांचे जीव गेले, अशा घटना घडलेल्या आहेत. अशा वेळी घरातले एखादे मूल "थांबा, आधी विचारू या" एवढे म्हणू शकले, तरी ते फार मोठे काम आहे. मात्र तापलेल्या जमावासमोर मुलांनी उभे राहायचे नाही, घरी मोठ्यांना किंवा शाळेत सांगायचे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा.

आता कपाटाकडे वळू. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत, कारण ती हाताने लिहिलेली आणि अतोनात मोलाची असत. छपाई आली, पुस्तके स्वस्त झाली, तरी कुलपाची सवय मागे राहिली. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले पहिलेच सूत्र "ग्रंथ उपयोगासाठी आहेत" असे आहे. कुलूप काढा. दोन दोऱ्या बांधून त्यांवर पुस्तके अडकवली, मुखपृष्ठे दिसतील अशी मांडली, तर अधिक चांगले. पुस्तकाचा कणा पाहून कुठले मूल त्याच्याकडे ओढले जात नाही.

रोज पंधरा मिनिटे तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा, आणि प्रकरण रंगात आले असतानाच थांबा. आठवीच्या मुलांनाही वाचून दाखवा. त्यांना ते लहानपणाचे वाटेल ही भीती दोन दिवसांत जाते. अडखळणाऱ्या मुलांना सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नका. त्यांना जोडीदार द्या, एकच छोटा उतारा चार दिवस वाचू द्या आणि पाचव्या दिवशी तो दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायला पाठवा. मोठ्या मुलाने सोपे पुस्तक वाचण्याला एक मानाचे कारण मिळते, ही त्यातली खरी गंमत आहे. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून मागू नका. मला वाटते, वाचनाची गोडी लागण्याआधीच ती घालवणारी गोष्ट हीच आहे.

लिहिण्याची ओढ मुलांना लागायला हवी, पण ती वेगळ्या वाटेने. सेलेस्तँ फ्रेने हे फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-स्यूर-लू या छोट्या गावातले शिक्षक. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागल्याने त्यांना वर्गात फार वेळ बोलणे झेपत नसे. १९२४ साली त्यांनी वर्गात एक छोटे मुद्रणयंत्र आणले. मुले गावात फिरून पाहिलेले लिहीत, स्वतः खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवून छापत आणि आपली पाने फ्रान्सच्याच दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेतल्या मुलांना पाठवत. ज्याने एकदा बातमी स्वतः तयार केली, काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे ठरवले, त्याला दुसऱ्याच्या बातमीत काय गाळले आहे हे दिसू लागते. तुम्हाला यंत्राची गरज नाही. भिंत आणि कागद पुरेत. आठवड्याचे भित्तिपत्रक काढा, आणि प्रत्येक मजकुराखाली "कोणी पाहिले, कोणाला विचारले" ही ओळ सक्तीची करा. एका कोपऱ्यात चूकदुरुस्तीची चौकट कायम मोकळी ठेवा. ती पहिल्यांदा भरली जाईल तो दिवस मुलांच्या लक्षात राहील. शक्य झाल्यास दुसऱ्या गावातल्या एखाद्या शाळेशी भित्तिपत्रकाची देवाणघेवाण करा.

पालकांशी वाद घालू नका. मुलाला आठवड्यातून एकदा घरी, वाचता न येणाऱ्या आजीला किंवा आजोबांना पुस्तकातले एक पान वाचून दाखवायला सांगा. आजोबांना एवढेच विचारून यायचे की त्यांच्या लहानपणी गावात बातमी कशी पोहोचत असे, आणि अफवा कशी ओळखत. ती उत्तरे भित्तिपत्रकावर नावासह लावा आणि पालकसभेच्या दिवशी भिंत तशीच ठेवा. अभ्यास बुडतो ही तक्रार यानंतरही काही जण करतील. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात मूल कुठे अडते ते त्यांना दाखवा, बहुतेक वेळा ते वाचनातच अडलेले असते.

सगळे एकदम करू नका. पहिल्या महिन्यात कुलूप काढणे, रोजचे पंधरा मिनिटांचे वाचन आणि सुविचाराखालची ओळ, एवढेच पुरे. भित्तिपत्रक दुसऱ्या महिन्यात घ्या.

राहिला तपासणीचा प्रश्न. मुख्याध्यापकांशी आधी बोला आणि फाटलेल्या पुस्तकांची नोंद कोणत्या रकान्यात, कोणाच्या सहीने होते, ते समजून घ्या. झिजलेली पुस्तके रीतसर कमी करण्याची तरतूद बहुतेक ठिकाणी असते, फक्त ती कोणी वापरत नाही. देवघेवीची वही सातवीतल्या दोन मुलांकडे द्या आणि त्यांतला एक तो "सगळेच खोटे" म्हणणारा मुलगा असू द्या. कोणते पुस्तक कोणाकडे, कधी गेले, कधी आले, कोणत्या अवस्थेत आले, हे त्याने स्वतः पाहून लिहावे. शनिवारी शेवटच्या तासाला डिंक, कापडी पट्टी आणि दाभण-दोरा घेऊन मुलांनाच पुस्तके शिवायला बसवा. तपासणी होईल तेव्हा शिवलेली पुस्तके आणि ती वही एकत्र पुढे ठेवा, आणि वहीबद्दल काही विचारले तर उत्तर त्या मुलाला देऊ द्या.